पाण्यावरचा ऑपेरा आणि ताईची वही: ब्रेगेंझ ते साल्झबर्ग, पाच दिवस

दिवस पहिला: ब्रेगेंझ, तिकिटाविना

२०२५ च्या ऑगस्टमधल्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी बहिणी झ्युरिकहून आगगाडीने ब्रेगेंझला उतरलो. ताई बँकेतून निवृत्त झालेली आहे आणि प्रवासात नकाशा माझ्या हातात असला तरी खर्चाची वही तिच्या हातात असते. मला गाण्याचे वेड, तिला जमाखर्चाचे. त्यामुळे ऑपेरा महोत्सव पाहायला जायचे ठरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की एवढी सगळी मंडळी गाणार, वाजवणार आणि नाचणार, त्यांचे पैसे नक्की कोण देते? पुढचे पाच दिवस आम्ही गाणे ऐकत होतो आणि या प्रश्नाचे उत्तरही शोधत होतो.

ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, बोडन सरोवराच्या काठी वसलेले ब्रेगेंझ हे जेमतेम तीस हजार वस्तीचे शहर आहे. दर वर्षी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत इथे सरोवरात उभारलेल्या रंगमंचावर ऑपेरा होतो आणि समोरच्या उघड्या प्रेक्षागारात साडेसहा हजारांहून अधिक माणसे बसतात. म्हणजे एका रात्रीचा प्रेक्षक हा शहराच्या वस्तीच्या जवळजवळ पाव हिश्श्याएवढा असतो. संध्याकाळी सात वाजल्यापासून ही गर्दी दिसू लागते. सरोवराच्या जर्मन किनाऱ्यावरून बोटी भरभरून येतात. रेशमी पोशाखातल्या बायका आणि पाठीवर पिशवी अडकवलेले सायकलस्वार एकाच धक्क्यावर उतरतात. आणि जवळपास प्रत्येकाच्या काखेत घडी घातलेले पांघरूण असते.

आमचे तिकीट दुसऱ्या दिवसाचे होते. त्या रात्री आम्ही काठावरच्या पायऱ्यांवर बसलो, तर तिथेही एक वेगळे प्रेक्षागार भरलेले दिसले. कोणी पाव आणि चीज सोडून बसले होते, कोणी पाण्यात पाय टाकले होते. रंगमंच तिथून नीट दिसत नव्हता, पण वाद्यवृंदाचा आवाज वाऱ्याबरोबर कमीजास्त होत पोहोचत होता. शेजारी बसलेल्या वयस्क बाईंनी सांगितले, की त्या आणि त्यांचे यजमान प्रत्येक उन्हाळ्यात एकदा तिकीट काढून आत बसतात आणि तीन-चार वेळा इथे बसून ऐकतात. ताईने लगेच शंका काढली, की मग महोत्सवाच्या हिशोबात तुम्ही कुठेच येत नाही. बाई हसून म्हणाल्या, "येतो की. आम्ही कर भरतो." ताईने वही उघडली आणि हे वाक्य लिहून घेतले.

रात्री केझक्नोप्फ्ले खाल्ले. पिठाचे छोटे गोळे, त्यावर वितळलेले तिखट वासाचे चीज आणि वरून कुरकुरीत तळलेला कांदा, सोबत सफरचंदाचा गोड लगदा. सरोवरावरच्या थंड वाऱ्यात दीड तास बसून आल्यावर यासारखे दुसरे काही नाही, मात्र एक ताट दोघींना पुरते.

दिवस दुसरा: ब्रेगेंझ, पाऊस आणि जमाखर्च

सकाळी रंगमंचाची सफर असते, ती चुकवू नये. आदल्या रात्री दुरून अर्धवट दिसलेले, बुडालेल्या खेड्याचे नेपथ्य आता उन्हात जवळून पाहिले. कार्ल मारिया फोन वेबर यांचा 'डेर फ्रायशुट्झ' हा १८२१ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा झालेला ऑपेरा इथे फिलिप श्टोल्झल यांनी दिग्दर्शित केला होता. त्यांनी त्यातले खेडे हिवाळ्यात, अर्धे पाण्याखाली गेलेले दाखवले आहे: कलंडलेला चर्चचा मनोरा, निष्पर्ण झाडे, छपरांवर बर्फ. ऑगस्टच्या कडक उन्हात त्या बर्फाला हात लावला तर तो खरखरीत आणि कोमट लागला. एका घराच्या भिंतीवरचा रंग पाण्याच्या रेषेपाशी सोलून निघाला होता. तो मुद्दाम तसा रंगवलेला आहे की दोन उन्हाळे आणि मधला एक हिवाळा सरोवरात काढल्यामुळे झाला आहे, हे मला शेवटपर्यंत ओळखता आले नाही.

दोन उन्हाळे, ही या महोत्सवाच्या अर्थकारणातली पहिली गोष्ट. पाण्यावरची निर्मिती सलग दोन वर्षे चालते आणि नेपथ्य मधल्या काळात सरोवरातच उभे असते, त्यामुळे उभारणीचा अवाढव्य खर्च दोन हंगामांवर विभागला जातो. दुसरी गोष्ट आम्हाला सफरीवर नेणाऱ्या तरुण मुलीने समजावून दिली. तळ्यावर एका हंगामात पंचवीसच्या वर प्रयोग होतात आणि त्यासाठी लोकांना ठाऊक असलेला ऑपेरा निवडतात: 'तोस्का', 'कारमेन', 'रिगोलेत्तो', 'मादाम बटरफ्लाय' अशी मागच्या काही वर्षांतली नावे आहेत. शेजारच्या बंदिस्त महोत्सवगृहात मात्र सहसा कोणी न केलेला ऑपेरा मोजक्या प्रयोगांसाठी उभा राहतो. त्या वर्षी तो जॉर्ज एनेस्कू यांचा 'एदिप' होता आणि आम्ही पोहोचेपर्यंत त्याचे प्रयोग आटोपले होते. "तळे कमावते आणि घर खर्च करते," असे ती मुलगी म्हणाली. आमच्या घोळक्यातल्या एका गृहस्थांना हे पटले नाही. त्यांच्या मते ज्या ऑपेराला प्रेक्षक नाही त्यावर पैसा घालवू नये. मला तर हाच या महोत्सवाचा सगळ्यांत शहाणपणाचा भाग वाटला. तळ्यावरच्या दीड लाखांहून अधिक माणसांनी वेबरसाठी मोजलेल्या पैशांतून एनेस्कूला रंगमंच मिळत असेल, तर त्या माणसांचे काहीच बिघडत नाही आणि एनेस्कूचे मात्र भले होते.

तिसरी गोष्ट सरकारी पैशाची. महोत्सव आपला बहुतांश खर्च स्वतः, मुख्यतः तिकिटांतून, भागवतो. जे सार्वजनिक अनुदान मिळते त्याची ठरलेली वाटणी आहे: ४० टक्के केंद्र सरकार, ३५ टक्के फोरार्लबर्ग प्रांत आणि २५ टक्के ब्रेगेंझ शहर. तीस हजार वस्तीच्या शहराने एका महोत्सवाच्या अनुदानाचा चौथा हिस्सा उचलावा याचे ताईला अतोनात आश्चर्य वाटले. पण इथे महोत्सव आधी आला आणि इमारती नंतर आल्या, हे लक्षात घेतले तर ते उलगडते. १९४६ साली, युद्ध संपून जेमतेम एक वर्ष झालेले असताना, शहरात धड नाट्यगृह नव्हते. म्हणून खडी वाहून नेणाऱ्या दोन पडावांवर सुरुवात झाली. एका पडावावर रंगमंच, दुसऱ्यावर वाद्यवृंद, आणि मोझार्टचा छोटासा 'बास्तियँ उंड बास्तिएन'. त्याच वर्षापासून व्हिएन्ना सिंफनी वाद्यवृंद इथे दर उन्हाळ्यात मुक्कामाला असतो. पडावांची जागा आता काँक्रीटच्या गाभ्याने घेतली आहे. वाद्यवृंद महोत्सवगृहाच्या आत बसून वाजवतो, त्याचा आवाज ध्वनिक्षेपकांतून बाहेर येतो आणि वादक पडद्यांवर दिसतात.

दुपारी रोपवेने फेंडर डोंगरावर गेलो. १०६४ मीटर उंचीवरून रंगमंच काडेपेटीएवढा दिसतो. वरून पश्चिमेचे ढग पाहून ताईने रात्रीच्या पैशांची चिंता सुरू केली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

इथे जाणाऱ्यांनी पावसाचा नियम नीट समजून घ्यावा. तिकिटे साधारणपणे दोन जातींची असतात. महागड्या जातीचे तिकीट असेल, तर पावसामुळे तळ्यावरचा प्रयोग होऊ शकला नाही तरी तुम्हाला महोत्सवगृहात बसून तोच ऑपेरा साध्या स्वरूपात पाहता येतो. मात्र आत सुमारे सतराशेच माणसे मावतात, म्हणून स्वस्त तिकीटवाल्यांना आत जागा नसते. प्रयोग साठ मिनिटांच्या आत थांबला तर त्यांना पैसे परत मिळतात, साठ मिनिटे उलटून गेली तर मिळत नाहीत. आठवड्याच्या मधल्या वारांना दर कमी असतात. छत्री उघडता येत नाही, कारण मागच्या माणसाला दिसत नाही. टोपीचा रेनकोट आणि बुडाखाली घ्यायला जाडसर काहीतरी न्यावे. पायांत बंद बूट हवेत.

आमची तिकिटे अर्थातच स्वस्त जातीची होती. प्रयोग नऊ वाजता सुरू झाला आणि पंचवीस मिनिटांत पहिले थेंब पडले. एकाच वेळी हजारो माणसांनी प्लास्टिकचे रेनकोट पिशव्यांतून काढले, तेव्हा जो आवाज झाला तो वाद्यवृंदाच्या वर ऐकू आला. रंगमंचावर कोणी थबकले नाही. गायक गुडघाभर पाण्यात उतरून गात होते, त्यामुळे वरून भिजण्याचे त्यांना विशेष वाटण्याचे कारण नव्हते. सैतान झामिएल मधूनमधून आमच्याकडे वळून यमकांत टोमणे मारत होता. पुढे लांडग्यांच्या दरीत सैतानाच्या मदतीने बंदुकीच्या जादूच्या गोळ्या ओतण्याचा प्रसंग आला. पाण्यावर आग पेटली, धूर पावसात खाली दबला आणि पुढच्या रांगांवर पसरला. माझ्या शेजारच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने आईचा हात सोडून खुर्चीवर उभे राहण्याचा प्रयत्न केला. ताईने मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि माझ्या कानात सांगितले, "साठ मिनिटे झाली बघ. आता पैसे बुडाले." तिच्या आवाजात दुःख नव्हते. मध्यंतर न घेता चालणारा तो दोन तासांचा प्रयोग पूर्ण झाला आणि शेवटी पाऊसही थांबला.

ध्वनिक्षेपकातून आलेले गाणे ते गाणे नव्हे, असे मानणारी दर्दी मंडळी आहेत आणि त्यांचे म्हणणे मला अर्धे पटते. आवाजाची जात कळते, वजन कळत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा ऑपेरा पाहणारी निदान दहा-बारा माणसे मला त्या रात्री आमच्या आसपासच भेटली आणि तो मुलगा तर बोटीच्या धक्क्यापर्यंत आईला गोळ्या ओतण्याचा प्रसंग करून दाखवत होता.

दिवस तिसरा: साल्झबर्ग, चौकातला पडदा

ब्रेगेंझहून साल्झबर्गला थेट आगगाडी आहे; आर्लबर्ग आणि इन्सब्रुकमार्गे सुमारे सव्वाचार तास लागतात. महोत्सवाच्या दिवसांत जागा राखून ठेवलेली बरी, एवढे सांगून पुढे जाते.

साल्झबर्गच्या महोत्सवाची कीर्ती वेगळी आहे. ऑपेराचे सर्वांत महाग तिकीट साडेचारशे युरोंच्या पुढे जाते, आणि प्रयोगाआधी महोत्सवगृहाच्या रस्त्यावर गाड्यांतून उतरणाऱ्या मंडळींना पाहायलाच अनेक लोक समोरच्या पदपथावर उभे राहतात. सर्वांत स्वस्त तिकीट याच्या अगदी लहानशा अंशात मिळते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ताईने ते घर सोडण्यापूर्वीच शोधून काढले होते.

त्या संध्याकाळी आम्ही कापिटेलप्लाट्झ चौकात गेलो. एका बाजूला प्रधान चर्च, वर डोंगरावर किल्ला, आणि कोपऱ्यात भल्यामोठ्या सोनेरी गोळ्यावर उभा असलेला साधा पँट-शर्टातला माणूस, हे श्टेफान बाल्केनहोल यांचे शिल्प. महोत्सवाच्या काळात या चौकात प्रचंड पडदा उभारतात आणि पूर्वीच्या किंवा चालू वर्षाच्या प्रयोगांची चित्रमुद्रणे विनामूल्य दाखवतात. २००२ पासून हा उपक्रम चालू आहे आणि त्याच्या नावातच प्रायोजक सीमेन्सचे नाव आहे. तिकीट नाही, आरक्षण नाही. आधी येईल त्याला खुर्ची. अंधार पडल्यावर सुरुवात होते, म्हणून तासभर आधी जाऊन जागा धरावी आणि दोघांपैकी एकाने खाणे आणायला जावे. आम्ही बोस्ना आणले. लांबट भाजलेल्या पावात दोन सॉसेजेस, कांदा, मोहरी आणि करीची पूड असा हा इथला रस्त्यावरचा पदार्थ. करीच्या वासाने ताईला अंमळ घरची आठवण झाली.

आमच्या रांगेत एक बसचालक होते. ते अजून गणवेशातच होते. तीस वर्षे याच शहरात राहूनही महोत्सवगृहाच्या आत एकदाच गेलो, तेही मुलीच्या शाळेबरोबर, असे त्यांनी सांगितले. मी विचारले, की मग या महोत्सवाचा राग येत नाही का? ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "जुलै-ऑगस्टमध्ये येतो, रहदारीमुळे. सप्टेंबरमध्ये शहर रिकामे झाले की जातो." पडद्यावर मोझार्ट सुरू झाल्यावर ते पहिल्या अंकातच झोपले. दुसऱ्या अंकात जागे झाले आणि नायिकेच्या दीर्घ गाण्यानंतर इतरांबरोबर टाळ्या वाजवू लागले. पडद्यावरच्या गायिकेला त्या ऐकू जाणार नव्हत्या, पण चौकात कोणालाही हे विचित्र वाटले नाही.

दिवस चौथा: साल्झबर्ग, डोंगरातले घर आणि कायद्यातली तूट

मोठे महोत्सवगृह पाहायला सकाळच्या सफरीत गेलो. क्लेमेन्स होल्झमाइस्टर यांनी बांधलेली ही वास्तू १९६० साली सुरू झाली. तिच्यासाठी म्योंख्सबर्ग डोंगराचा सुमारे ५५,००० घनमीटर खडक फोडून काढावा लागला. रंगमंच आणि त्याच्या दोन्ही बाजू मिळून रुंदी १०० मीटर भरते. शेजारच्या फेल्झेनराइटशूले या रंगमंदिरात तर खडकात कोरलेल्या कमानींच्या तीन मजली रांगाच नेपथ्याची मागची भिंत होतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे घोड्यांचे खेळ पाहण्यासाठी सज्जे कोरले. आज प्रेक्षक समोर बसतात आणि सज्जांमध्ये गायक येतात. मी त्या खडकाला हात लावून पाहिला. तो ओलसर आणि गार होता, आणि बोटांना वाळूचे कण लागले.

ताईला हवे असलेले उत्तर इथे मिळाले. १९२० साली नाटककार ह्यूगो फोन होफमान्स्थाल, दिग्दर्शक माक्स राइनहार्ट आणि संगीतकार रिखार्ड श्ट्राउस यांच्या पुढाकाराने हा महोत्सव सुरू झाला, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडलेले, अन्न दुर्मीळ आणि चलन घसरत चाललेले होते. १९२४ साली तर पैशांअभावी महोत्सव झालाच नाही. त्या अनुभवातून पुढे जे सुचले ते १९५० च्या कायद्यात आहे: महोत्सवाला जी तूट येईल तिचा ४० टक्के भाग केंद्र सरकार भरते, आणि साल्झबर्ग प्रांत, साल्झबर्ग शहर व पर्यटन निधी प्रत्येकी २० टक्के भरतात. ताईला पर्यटन निधीचा हिस्सा फार आवडला. ज्यांची हॉटेले ऑगस्टमध्ये भरतात त्यांनीच तुटीचा पाचवा हिस्सा उचलायचा, यात तिला व्याजाच्या गणितासारखा नेटकेपणा दिसला. "आणि तुम्ही मुद्दाम तूट वाढवली तर?" असे तिने सफरीवरच्या गृहस्थांना विचारले. अंदाजपत्रक आधी मंजूर करून घ्यावे लागते आणि एकूण खर्चाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग महोत्सव स्वतःच मिळवतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. हा प्रश्न त्यांना प्रथमच विचारला जात नसावा.

स्वतः मिळवलेल्या पैशांत तिकिटे पहिली आणि मग प्रायोजक व देणगीदार येतात. १९६१ मध्ये स्थापन झालेली महोत्सवाच्या मित्रांची संस्था दर वर्षी मोठी मदत करते; देणगीच्या प्रमाणात सभासदांना तिकिटांचा अग्रक्रम मिळतो. माझी कुरकुर इथेच आहे. अग्रक्रमाने चांगल्या जागा जातात आणि उरलेल्यांतून सामान्य माणसाला निवडावे लागते. म्हणजे कराच्या रूपाने पैसे देणारा बसचालक आणि देणगीच्या रूपाने पैसे देणारा उद्योजक हे दोघेही महोत्सवाचे आधार असले, तरी रांगेत त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. ताई म्हणाली, की मोठी ठेव ठेवणाऱ्याला बँकेतही खुर्ची आधी मिळते. मी म्हटले, की बँकेची तूट बसचालक भरत नाही. यावर ती काही वेळ बोलली नाही आणि मग म्हणाली, "अगं, कधीकधी भरतो."

लहान मुलांसाठी आणि तरुणांसाठी इथे जे चालते ते मात्र दिखाऊ नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या सहकार्याने २००८ पासून ऑपेरा शिबिरे भरतात. शाळकरी मुले आठवडाभर एकत्र राहतात, त्या वर्षीच्या एखाद्या ऑपेराची स्वतःची आवृत्ती रचतात, पोशाख शिवतात, वाजवतात आणि शेवटी ती सादर करतात. त्याखेरीज तरुणांसाठी सवलतीच्या तिकिटांचे संच असतात. तिकीटखिडकीपाशी अशाच संचावर आलेला एक विद्यार्थी भेटला. त्याने आम्हाला उपयोगी गोष्ट सांगितली: परत आलेली तिकिटे प्रयोगाच्या दिवशीही खिडकीवर मिळतात, आणि संध्याकाळी दाराशी जादा तिकीट हातात धरून उभे असलेले सज्जन लोक असतात; त्यांना मूळ किमतीहून अधिक देऊ नये.

आम्हाला खिडकीवरच सर्वांत मागच्या रांगांतल्या दोन जागा मिळाल्या. दोनिझेत्तीचा 'मारिया स्तुआर्दा', दिग्दर्शक उलरिख राशे. रंगमंचावर दोन अजस्र चकत्या फिरत राहतात आणि दोन्ही राण्या, स्कॉटलंडची मारिया आणि इंग्लंडची एलिझाबेथ, त्यांवर सतत चालत गातात. जागच्या जागी राहायचे असेल तरीही चालावेच लागते. पहिल्या अर्ध्या तासात मला ते पाहून गरगरले. मग लिझेट ओरोपेसा यांनी मारियाची अखेरची प्रार्थना म्हटली. ध्वनिक्षेपक नाही, पडदा नाही, मध्ये दोन हजार माणसे, आणि तो बारीक केलेला स्वर शेवटच्या भिंतीपर्यंत आला. ब्रेगेंझला जे वजन कळले नव्हते ते इथे कळले. आपल्याकडे अशा जागी श्रोत्याच्या तोंडून नकळत दाद जाते. इथे स्वर पूर्ण विरेपर्यंत दोन हजार माणसांनी श्वास रोखला होता आणि माझ्या ओठांपर्यंत आलेली 'वा' मी कशीबशी गिळली.

दिवस पाचवा: साल्झबर्ग, पुन्हा तिकिटाविना

शेवटच्या दिवशी पाऊस लागला. आकाशातून दोऱ्या सोडल्यासारखा सरळ, न थांबणारा पडतो म्हणून इथे त्याला 'दोऱ्यांचा पाऊस' अशा अर्थाचेच नाव आहे. दुपारी तो ओसरला आणि आम्ही डोमप्लाट्झ या प्रधान चर्चसमोरच्या चौकाकडे निघालो. चर्चच्या पायऱ्यांसमोर 'येडरमान' हे नाटक होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी महोत्सवाची सुरुवात होफमान्स्थाल यांच्या याच नाटकाने झाली आणि आजही ते दर उन्हाळ्यात होते. श्रीमंत माणसाला मृत्यू बोलवायला येतो आणि पैसा, मित्र, नातलग कोणीही त्याच्यासोबत जायला तयार होत नाही, ही गोष्ट त्या शहरातल्या सर्वांत महागड्या पोशाखांतले प्रेक्षक एकाग्रतेने पाहतात. पाऊस असला की प्रयोग मोठ्या महोत्सवगृहात हलवतात. त्या दिवशी तो बाहेरच झाला.

तिकीट नव्हते. कमानींपाशी आडोसा लावलेला असतो, त्याबाहेर आम्ही इतर पंधरा-वीस जणांबरोबर उभ्या राहिलो. संवाद अर्धवट ऐकू येत होते आणि जर्मन कळत नव्हतेच. मग एकाएकी चर्चच्या मनोऱ्यावरून लांबलचक हाक आली, "येऽऽडरमान!" पाठोपाठ दुसऱ्या बाजूच्या मनोऱ्यावरून आली, आणि तिसरी वर किल्ल्यावरून. रस्त्यावरचे सगळे थांबले. घोडागाडीवाल्याने लगाम ओढला, आईस्क्रीम खाणारी दोन मुले वर पाहू लागली, आणि एका हॉटेलच्या दारातला वाढपी ताटे हातात घेऊन तसाच उभा राहिला. ती हाक तिकीट असलेल्यांना जेवढी ऐकू आली तेवढीच आम्हालाही आली.

रात्रीच्या गाडीची वाट पाहत असताना ताईने वही पूर्ण केली. बोस्ना दोन, कॉफी दोन, रोपवे दोन. 'येडरमान'समोर तिने आधी शून्य लिहिले, मग थोडा विचार करून ते खोडले आणि त्या जागी लिहिले: बसचालक.